राखेपासून रोख्यांपर्यंत : बारामती-इंदापूरच्या संशोधनाविषयीचे गैरसमज

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेयेकडचे दोन शेजारी तालुके. नीरा आणि भीमा या नद्यांच्या मधला हा मुलूख पर्जन्यछायेत येतो. एका अंगाला कालव्याची भिजण, दुसऱ्या अंगाला उघडा माळ. या भागातल्या संशोधनाचा विषय निघाला की ऊस, द्राक्ष, डाळिंब आणि माळेगावच्या शेतीसंस्था एवढ्यावरच बोलणे संपते. प्रत्यक्षात भूशास्त्र, पुरातत्त्व, महसुलाचा इतिहास, अर्थशास्त्र, मानववंशशास्त्र, मृदाशास्त्र, जलविज्ञान, परिसंस्थाशास्त्र अशा कितीतरी शाखांच्या अभ्यासकांनी या दोन तालुक्यांची माती, कागद आणि माणसे पारखली आहेत. विकसनशील देशातले संशोधन किती अंगांनी वाढते हे पाहायला यापेक्षा चांगला नमुना शोधावा लागणार नाही. त्याविषयीचे गैरसमजही तितकेच आहेत.

गैरसमज : इथले संशोधन म्हणजे फक्त शेतीचे संशोधन

शेतीसंशोधन इथे भरपूर आहे यात वाद नाही. अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट १९७१ पासून काम करतो आणि शारदानगरचे कृषी विज्ञान केंद्र त्याचेच. माळेगाव खुर्दच्या खडकाळ माळावर २१ फेब्रुवारी २००९ रोजी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेची पायाभरणी झाली. दुष्काळ, उष्णता, क्षार, गारपीट, पाणी साचणे यांनी पिकावर आणि जनावरांवर येणारा ताण हा तिचा विषय. मुरूम आणि बेसॉल्टचा कातळ फोडून तयार केलेल्या तिथल्या जमिनीवर ड्रॅगन फ्रूटसारखी पिके अभ्यासली जातात.

पण जगभरच्या आर्थिक इतिहासकारांना इंदापूर माहीत आहे ते वेगळ्याच कारणाने. पेशवाई संपल्यावर कंपनी सरकारच्या आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याचा सारा ठरवताना इंग्लंडमध्ये तेव्हा नव्याने मांडलेला अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत जमिनीवर लावून पाहिला. एकूण उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे, असा तो हिशेब. कागदावर तो चोख होता. शेतात मात्र मोजणी चुकीची निघाली, सारा झेपेना, आणि कुळे जमिनी टाकून निघून गेली. इंदापुरात तर जमिनीच्या जमिनी ओस पडल्या. म्हणून १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी याच तालुक्यात नवी पाहणी हाती घेतली. सिद्धांत बाजूला ठेवून त्यांनी मातीची खोली, रंग आणि पोत पाहून नऊ प्रती ठरवल्या, दर प्रतीची आणेवारी लावली आणि तीस वर्षांसाठी सारा कायम केला. पुढे मुंबई इलाख्यातल्या रयतवारी मोजणीला हाच नमुना झाला. सातबाऱ्यावरच्या ज्या सर्व्हे नंबराची सवय महाराष्ट्राला लागली, त्याच्या पायाशी इंदापूरच्या शेतांतली ही मोजणी आहे.

एरिक स्टोक्स, रविंदर कुमार, नील चार्ल्सवर्थ, सुमित गुहा या इतिहासकारांनी हा काळ अभ्यासला. त्याआधीचा इंदापूर परगणा पाहायचा तर पुणे पुराभिलेखागारातल्या मोडी कागदांत शिरावे लागते. मिचिहिरो ओगावा या जपानी अभ्यासकाने ते केले. १७६१ ते १८२८ या काळातल्या इंदापूर परगण्याच्या समाज-अर्थकारणावर त्यांनी पुणे विद्यापीठात प्रबंध सादर केला. मराठी माणसाला आपल्याच आजोबांची मोडी वाचता येत नाही अशा काळात एक परदेशी माणूस एका परगण्याच्या ताळेबंदांत वर्षे घालवतो, याचे महत्त्व इंदापूरकरांनी तरी ओळखायला हवे.

साहित्याच्या अभ्यासकांना बारामती ठाऊक आहे ती मोरोपंतांची (१७२९-१७९४) कर्मभूमी म्हणून. धनगरांच्या ओव्या आणि बिरोबा, खंडोबा, म्हस्कोबा या दैवतांचा अभ्यास करणारे जर्मन विद्वान ग्युंटर सोन्थायमर दख्खनच्या अशाच माळांवर वर्षानुवर्षे हिंडले.

गैरसमज : एक प्रश्न, एक शास्त्र, एक प्रयोगशाळा

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. कायम दुष्काळी असलेल्या बारामती-इंदापुरात पाणी आले, ऊस आला, आणि थोड्याच वर्षांत काही शेते बिघडू लागली. त्याची चिन्हे कोणत्याही बागायतदाराला ओळखीची आहेत : सकाळी वरंब्यावर पांढरा थर दिसतो, उगवण तुटक होते, उसाची पाने कडेने करपतात, आणि पाऊस पडला की रान इतके चिकट होते की वाफसाच येत नाही. लोकांनी दोष कालव्याच्या पाण्याला दिला. पाण्यातच खार आहे, असे म्हटले गेले.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींची तपासणी करून १९१० मध्ये तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. क्षारपड होण्याची रीत आता शास्त्राला पुरती कळली आहे. क्षार जमिनीत खाली होतेच. कालव्याचा पाझर आणि बेसुमार पाटपाणी यांनी भूजल वर चढले. भारी काळ्या मातीतून त्याचा निचरा होईना. केशाकर्षणाने ते पृष्ठभागावर आले, वाफ होऊन उडाले आणि क्षार मागे ठेवून गेले. त्यात सोडियम वाढला की मातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि रान चोपण बनते.

इथे मृदाशास्त्राचे काम संपले आणि स्थापत्याचे सुरू झाले. निचरा कसा काढायचा, चर कुठे खणायचे, कोणत्या मातीला किती पाणी सोडायचे हे प्रश्न अभियंत्यांचे होते. सिंचनाची रीत शेतीच्या गरजेप्रमाणे बदलण्यासाठी मुंबई इलाख्याने १९१६ मध्ये एक विशेष सिंचन विभाग काढला. आज खडकवासल्याला असलेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र त्यातूनच वाढले. धरणे, बंदरे आणि नद्या यांवर काम करणाऱ्या देशातल्या या अग्रगण्य संस्थेचे मूळ दख्खनच्या कालव्यांखालच्या शेतीच्या अडचणीत आहे.

नीरेच्या पलीकडे, फलटण तालुक्यातल्या पाडेगावला १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र निघाले आणि तिथे कालव्याखालच्या जमिनींचे वर्गीकरण झाले. याच केंद्राने २००७ मध्ये दिलेला ‘फुले २६५’ हा वाण क्षार सोसतो म्हणून ओळखला जातो. जिप्सम, ताग-धैंचा आणि जमिनीखालचे सच्छिद्र पाइप हे उपाय आज कृषी सहायक सांगतो. तरीही चोपण जमिनी संपलेल्या नाहीत, कारण यातला शेवटचा प्रश्न रसायनाचाही नाही आणि स्थापत्याचाही नाही. सामाईक चर कुणाच्या बांधातून जाणार, खर्च कोण देणार, पाणीपट्टी एकरावर की घनमीटरवर, हे समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र आहे. त्या बाजूने झालेले काम तुलनेने थोडे आहे आणि त्याची किंमत शेते मोजत आहेत.

मॅकगिल विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड अ‍ॅटवुड यांचा अभ्यास इथे उपयोगी पडतो. पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यातल्या एका गावाच्या १९२० ते १९७० या पन्नास वर्षांतल्या जमीनधारणेच्या नोंदी त्यांनी लावल्या. बागायतीने श्रीमंत अधिक श्रीमंत आणि गरीब अधिक गरीब होतो, हा तेव्हाचा सरसकट समज. नोंदींत निघाले की काही भूमिहीनांनी जमिनी मिळवल्या होत्या आणि काही बड्या घरांच्या जमिनी घटल्या होत्या. १९९२ मध्ये आलेल्या त्यांच्या ग्रंथात साखर कारखानदारीचे राजकीय अर्थकारण सविस्तर आहे.

गैरसमज : नवे वाण आणि नवे तंत्र अचानक येते

‘८६०३२’ हा आकडा ऊसपट्ट्यात लहान मुलालाही पाठ असतो. हा वाण कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत तयार झाला. आकड्यातले ८६ हे साल दाखवते. पाडेगावला त्याच्या चाचण्या झाल्या आणि महाराष्ट्रात ‘नीरा’ या नावाने तो १९९६ मध्ये लागवडीसाठी आला. मधली दहा वर्षे वाया गेलेली नव्हती. लागण, खोडवा, साखर उतारा, रोग आणि वेगवेगळ्या माती यांतून तो पारखला जात होता.

उसातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचेही तसेच. बारामतीचा ट्रस्ट, मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या प्रकल्पाचा उल्लेख जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी केला आणि तो देशभर गाजला. उपग्रहाची चित्रे, हवामान केंद्र आणि जमिनीतले संवेदक यांची माहिती जोडून पाणी-खताचा सल्ला मोबाइलवर देणे हे त्याचे स्वरूप. संगणक मात्र मातीविषयी स्वतःहून काही जाणत नाही. मृदापरीक्षण, पिकाच्या वाढीच्या नोंदी आणि वाणांच्या चाचण्या यांची दशकांची शिदोरी नसती तर सल्ला द्यायला त्याच्याकडे काहीच नसते.

गैरसमज : माळ म्हणजे पडीक जमीन

हा यांतला सर्वांत नुकसानकारक समज, कारण तो सरकारी नकाशातही शिरला आहे. बारामती तालुक्यातील शिर्सुफळ, इंदापुरातील कडबनवाडी आणि बारामतीतल्याच सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य (सुमारे ५ चौरस किलोमीटर) इथले गवताळ माळ चिंकारा, लांडगा, तरस आणि खोकड यांचे घर आहेत. लांडगा आणि धनगराची मेंढरे एकाच माळावर शतकानुशतके राहत आली. तरी असे माळ महसुली भाषेत पडीक ठरतात आणि मग वृक्षारोपण, सौर प्रकल्प किंवा औद्योगिक वसाहत यांसाठी ‘मोकळे’ समजले जातात.

एम. डी. मधुसूदन आणि अबी तमिम वनक यांनी २०२३ मध्ये देशातल्या अर्धशुष्क खुल्या परिसंस्थांचा नकाशा प्रसिद्ध केला. या परिसंस्थांनी देशाचा सुमारे १० टक्के भूभाग व्यापला आहे. त्यातला ५ टक्क्यांहून कमी भाग संरक्षित आहे. हे माळ पूर्वी जंगल होते, तोडून उजाड झाले, असे मानणाऱ्यांना उत्तर मिळाले ते अनपेक्षित ठिकाणाहून. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी मध्ययुगीन मराठी साहित्य आणि मौखिक परंपरा यांतले वनस्पतींचे उल्लेख गोळा करून २०२५ मध्ये दाखवले की पश्चिम महाराष्ट्रातला हा गवताळ, काटेरी प्रदेश निदान ७५० वर्षे तरी असाच आहे. बाभूळ, हिवर, पळस यांच्या जुन्या मराठी उल्लेखांनी परिसंस्थाशास्त्राला पुरावा पुरवला. मराठीच्या अभ्यासाला निरुपयोगी समजणाऱ्यांनी हा निबंध जरूर पाहावा.

गैरसमज : शास्त्रज्ञांचे एकदा ठरले की ठरले

बारामती तालुक्यातल्या मोरगावला भाविक मयूरेश्वराच्या दर्शनाला येतात. गावाजवळच्या कऱ्हा नदीच्या काठांत भूशास्त्रज्ञांना ज्वालामुखीची राख सापडली. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात काचेचे बारीक, धारदार तुकडे दिसतात. ही राख सह्याद्रीतल्या ज्वालामुखीची नव्हे. दख्खनचा बेसॉल्ट तर कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. ही राख इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून वाऱ्यावर आली. त्याच परिसरात आदिमानवाची अश्युलियन पद्धतीची दगडी हत्यारेही मिळाली आणि डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास केला.

वाद आहे तो वयाचा. राखेच्या रासायनिक घटकांवरून एक गट म्हणतो की ती सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या स्फोटाची. गाळातल्या चुंबकीय नोंदींवर भर देणारा दुसरा गट तिला कितीतरी जुनी, सात-आठ लाख वर्षांच्या घरातली मानतो. हत्यारे करणारी माणसे या मुलखात केव्हा होती हे या उत्तरावर ठरते. दोन्ही बाजूंकडे पुरावे आहेत, आणि मतभेद उघडपणे मांडले जातात हेच शास्त्र जिवंत असल्याचे लक्षण आहे.

सुप्याचेही असेच. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात जमलेल्या कुणब्यांनी सावकारांची घरे गाठून रोखे आणि खातेवह्या जाळल्या. दख्खनचे दंगे तिथून सुरू झाले आणि १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा त्यातून आला. रविंदर कुमार यांनी यात ग्रामसमाजाची खोलवरची उलथापालथ पाहिली. चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये लिहिले की दंग्यांचा विस्तार आणि महत्त्व फुगवून सांगितले गेले. शाळेच्या पुस्तकातल्या दोन ओळींमागे इतका वाद आहे.

गैरसमज : आपल्यासारख्या देशात संशोधन होत नाही

शोधनिबंधांच्या संख्येत भारत जगात तिसरा आहे. कमी आहे तो पैसा. २०२०-२१ मध्ये संशोधनावरचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता, चीनचा २.४ च्या, दक्षिण कोरियाचा ४.८ च्या आसपास. त्यातही सरकारी पैसा अवकाश, संरक्षण, अणुऊर्जा, शेती यांकडे अधिक जातो. त्याचा काही वाटा इंदापुरातही उतरतो : वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या प्रक्षेपकांचे भाग घडतात. इतिहास, भाषा आणि समाजशास्त्रे यांच्या वाट्याला मात्र फार थोडे येते. बारामतीच्या १९६२ पासूनच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयासारख्या तालुक्याच्या कॉलेजांतला प्राध्यापक तास, परीक्षा आणि कागदपत्रे सांभाळून उरलेल्या वेळात संशोधन करतो, हे त्याचे काम जोखताना धरले पाहिजे.

वरच्या बहुतेक अभ्यासांचा कच्चा माल गावांतूनच आला आहे : परगण्याचे ताळेबंद, जमिनीचे उतारे, पाटाच्या नोंदी, ओव्या. असे कागद अजून अनेक घरांत आहेत. वाड्याच्या माळ्यावरचे मोडी बाड, जुन्या सोसायटीची खाती, विहिरीच्या पाणीपातळीची वही यांतले काहीही रद्दीत घालू नये. आधी पुणे पुराभिलेखागारात, भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात दाखवावे.