शरीराचे घड्याळ आणि विमानाचा वेग

परदेशी निघालेल्या प्रवाशाची तयारी पाहण्याजोगी असते. पारपत्र, व्हिसा, परकीय चलन, प्रवास विमा, मुलीने आवर्जून मागविलेला गोडा मसाला, काहीही राहत नाही. तेथे पोहोचल्यावर झोप कधी लागेल आणि जाग कधी येईल, हा विचार मात्र बहुधा विमानातून उतरल्यावरच सुचतो. तोवर ‘जेट लॅग’ने आपले बस्तान बसविलेले असते.

हा त्रास विमानयुगाचीच देणगी आहे. डॉ. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. प्रवास खडतर होता. पण वेळेतला फरक जवळजवळ दोन महिन्यांत विभागला गेला. शरीराला दररोज जेमतेम काही मिनिटांची तडजोड करावी लागत होती. याउलट जानेवारी २०२१ मधील घटना पाहा. कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून थेट बेंगळुरू गाठले. शनिवारी, ९ तारखेच्या रात्री निघालेले विमान सोमवारी, ११ तारखेच्या पहाटे देवनहळ्ळीच्या विमानतळावर उतरले. प्रवास सुमारे सतरा तासांचा. रविवार आकाशातच सरला. हिवाळ्यात या दोन शहरांच्या वेळांत साडेतेरा तासांचे अंतर असते, उन्हाळ्यात साडेबारा तासांचे. एवढे अंतर एका झेपेत ओलांडण्याची सोय निसर्गाने मानवी देहात केलेली नाही.

आपल्या मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या मज्जातंतू जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या किंचित वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक इवलासा पुंजका आहे. हेच शरीराचे मुख्य घड्याळ. झोप, भूक, शरीराचे तापमान, संप्रेरकांचे स्रवणे यांचे वेळापत्रक ते सांभाळते. या विषयाशी बेंगळुरूचे नाते जवळचे आहे. प्रा. एम. के. चंद्रशेखरन यांनी मदुराईच्या विद्यापीठात बाहेरच्या जगाचा उजेड वा आवाज पोहोचणार नाही अशी खोली उभारली होती. घड्याळाविना तेथे राहणाऱ्या स्वयंसेवकांच्या झोपेचा अभ्यास त्यांनी केला. पुढे ते बेंगळुरूच्या जक्कूर येथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात आले. तेथील संशोधकांनी फळमाश्यांच्या सहाशे पिढ्या दिवस-रात्रीचा फरकच नसलेल्या वातावरणात वाढविल्या. तरीही कोशातून बाहेर पडण्याचा त्यांचा ताल टिकून असल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पिढ्यान्‌पिढ्या उपयोगात न आलेले घड्याळही बंद पडले नाही! फळमाशीतील या घड्याळाची जनुकीय यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जक्कूर हे विमानतळाच्या रस्त्यावरच आहे, ही गंमत प्रवाशांनी जाता जाता ध्यानी घ्यावी.

तात्पर्य, जेट लॅग म्हणजे प्रवासाचा शीण नव्हे. शीण एका रात्रीच्या झोपेने उतरतो. घड्याळ मात्र दिवसाला साधारण तास-दीड तासच सरकते. त्यातही माणसाचे घड्याळ चोवीस तासांहून किंचित संथ असल्याने दिवस लांबविणे त्याला सोपे, आखूड करणे अवघड. म्हणून पश्चिमेचा प्रवास तुलनेने सुसह्य ठरतो.

मुलीच्या बाळंतपणासाठी उन्हाळ्यात बेंगळुरूहून सॅन फ्रान्सिस्कोला गेलेल्या आईचे उदाहरण घेऊ. मराठी घरांत हे चित्र आता नित्याचे झाले आहे. तेथे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा तिच्या शरीरात दुपारचे अडीच झालेले असतात. ती टक्क जागी असते, शिवाय भूकही लागते. दुपारी चार वाजता मात्र तिच्या शरीरात पहाटेचे साडेचार असतात. तापमान सर्वांत खाली, डोळे मिटू मिटू होणारे, तोल आणि लक्ष दोन्ही डळमळीत. नेमकी हीच वेळ मुलीला विश्रांती देण्यासाठी बाळाला हाती घेण्याची असते. पहिले चार-पाच दिवस या वेळी बाळाला घेऊन जिना उतरू नये, गॅसपाशी एकटीने उभे राहू नये. बाळाला न्हाऊ घालण्याचे काम सकाळी उरकावे.

घड्याळाला किल्ली देतो तो उजेड, आणि त्यातही वेळेला महत्त्व आहे. शरीराच्या पहाटेपूर्वी मिळालेला उजेड घड्याळ मागे नेतो. पहाटेनंतरचा पुढे ढकलतो. साडेबारा तासांचा फरक मागे सरकूनच भरून काढणे सोयीचे. त्यामुळे या आईने पहिल्या दिवशी बारा ते साडेतीन या वेळात बाहेर उन्हात फिरावे. पुढे दररोज ही वेळ तास-दीड तासाने उशिरा न्यावी. ‘पोहोचलात की सकाळच्या उन्हात बसा’ हा सरसकट दिला जाणारा सल्ला थोड्या तासांच्या फरकाला ठीक असेल, येथे तो पुरेसा नाही. जेवण मात्र पहिल्या दिवसापासून स्थानिक वेळेने घ्यावे, कारण यकृतासारख्या अवयवांची घड्याळे जेवणावर चालतात. फिल्टर कॉफीचा मोह दुपारनंतर आवरावा. मद्याने झोप लागल्यासारखी वाटते, पण ती तुटक असते.

ज्येष्ठांनी एक बाब निघण्यापूर्वीच मार्गी लावावी. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, म्हणून इन्सुलिन आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. औषधे चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावीत. मेलाटोनिनच्या गोळ्या इतरांच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. विमानात अधूनमधून उठून चालावे. पाय तासन्‌तास लोंबते राहिल्यास रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो.

दोन-तीन दिवसांच्या कामासाठी लंडनला जाणाऱ्यांनी घड्याळ बदलण्याच्या भानगडीत पडू नये. बैठकीच शक्यतो सकाळी ठेवाव्यात. सिंगापूरचा अडीच तासांचा फरक तर विसरूनच जावा.

ग्राहकांसाठी एक व्यावहारिक सूचना. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात रविवारी रात्रीचे दहा वाजतात तेव्हा आपल्या शाखेत सोमवारची सकाळ साडेदहाची असते. मुदत ठेवीच्या किंवा हप्त्याच्या तारखा भारतीय वेळेनेच धराव्यात. मोठ्या रकमेचे व्यवहार निघण्यापूर्वी आटोपावेत अथवा पोहोचल्यावर आठवडाभर थांबावे. झापड असताना आलेला फोन आणि मागितलेला ओटीपी, ही जोडी महागात पडू शकते.

परतीचा प्रवास अनेकांना जड जातो, कारण दुसऱ्याच दिवशी कार्यालय गाठायचे असते. तिकडे रुळलेल्या शरीराची पहाट आता बेंगळुरूच्या सायंकाळी पाचच्या सुमारास उगवते, म्हणजे ऐन वाहतुकीच्या गर्दीत. रजेचे दोन दिवस परतीनंतरसाठी राखून ठेवावेत आणि तेवढे दिवस संध्याकाळी गाडी दुसऱ्याला चालवू द्यावी.