आजोबांची विडी आणि आपला हिशेब

‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विडी ओढत होते, त्यांना कुठे काय झालं?’ तंबाखूचा विषय निघाला की हे ऐकावं लागतंच. आजोबा खरे, हिशेब कच्चा. विडी ओढून पन्नाशीतच गेलेला त्यांच्या पारावरचा सोबती या हिशेबात येत नाही. तो ‘छातीच्या दुखण्यानं’ गेला, एवढंच घरात बोललं जातं. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर १९५१पासून पन्नास वर्षं नजर ठेवली गेली. जन्मभर सिगारेट ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी गेले. सरासरीच ती, त्यामुळे एखादे आजोबा नव्वदी गाठणारच.

याच आजोबांसाठी बंडल आणायला नातवाला टपरीवर पिटाळतात. अठराच्या आतल्याला तंबाखू विकायला २००३च्या कायद्यानं मनाई आहे, पण घरच्या कामाला कायदा कोण लावतो? ज्या घरात मोठी माणसं ओढतात, तिथली मुलं पुढे ओढू लागण्याची शक्यता जास्त असते.

कष्टकरी वस्तीत विडी ‘साधी’ समजली जाते: झाडाचं पान, कागद नाही. प्रत्यक्षात तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही. विडी विझू नये म्हणून झुरके जोरात आणि वरचेवर घ्यावे लागतात, आणि तंबाखू कमी असूनही सिगारेटपेक्षा जास्त निकोटिन आणि टार छातीत जातं. कचेरीतल्यांचा भ्रम वेगळा: ‘दिवसाला एकच, जेवणानंतर.’ वीसच्या जागी एक म्हणजे धोका विसावा हिस्सा, असं हृदय मानत नाही. एका सिगारेटनंही हृदयविकाराचा वाढीव धोका वीस सिगारेटींच्या जवळपास निम्मा असतो.

मिश्रीला तर व्यसन म्हणायचीच सोय नाही. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखूच ती, पण सासूनं सुनेला दिली की ‘दात घासणं’ होतं. ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही,’ म्हणतात, ती तलफच. २०१६-१७च्या पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले, धूर नसलेली तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. मुंबईतल्या गरोदर बायकांच्या २००४च्या अभ्यासात अशी तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं.

राहिलं ‘आता या वयात सोडून काय मिळणार?’ त्याच ब्रिटिश डॉक्टरांत चाळिशीत सोडणाऱ्यांनी सुमारे नऊ वर्षं परत मिळवली, साठीत सोडणाऱ्यांनी तीन. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन फुकट लागतो.