त्या दिवशी पाऊस किती पडला?

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरातील वडीलधाऱ्या मंडळींस गावच्या मोठ्या पुराविषयी विचारून पाहा. "आभाळ फाटले होते," "हत्तीच्या सोंडेने पाणी ओतावे तसा पाऊस कोसळला," अशी उत्तरे ऐकू येतील. ती खोटी असतात असे नव्हे. परंतु भीती व दुःख मनात पिढ्यान्‌पिढ्या राहत असले, तरी माप राहत नाही. ओढ्यावर पूल बांधणाऱ्या इंजिनिअरास मात्र मापच हवे असते. म्हणून, होऊन गेलेल्या वादळी पावसाचा आकडा कसा शोधावा, आणि सापडल्यावर तो कसा वाचावा, हे येथे थोडक्यात सांगावयाचे आहे. उदाहरणार्थ आपण २६ जुलै २००५ रोजी मुंबईत झालेली अतिवृष्टी घेऊ.

प्रथम पाऊस मोजतात कसा ते पाहू. सपाट जमिनीवर पडलेले पाणी वाहून न जाता, जिरून न जाता किंवा वाफ होऊन न जाता जागच्या जागी साचून राहिले असते, तर त्याची जी खोली झाली असती, ती म्हणजे पाऊस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. यासाठी वापरावयाच्या यंत्रास पर्जन्यमापक म्हणतात. त्याची रचना अगदी साधी आहे. वर नरसाळे, खाली पाणी साठवणारे भांडे, आणि ते पाणी मोजण्यासाठी खुणा केलेले काचेचे मोजपात्र. यंत्राचे तोंड जमिनीपासून सुमारे तीस सेंटिमीटर उंच ठेवतात, आणि जवळच्या झाडाच्या वा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ते बसवितात. नाहीतर आडोशामुळे पाऊस कमी भरतो. रोज सकाळी साडेआठ वाजता भांड्यातील पाणी मोजून वहीत लिहिले जाते.

आता जुना आकडा हाती आला की त्यास तीन प्रश्न विचारावेत: तू कोठला? तू कोणत्या चोवीस तासांचा? तू कोणत्या मापाचा? या तिन्हींचे उत्तर मिळाल्यावाचून कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवू नये.

पहिला प्रश्न स्थळाचा. त्या अतिवृष्टीत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४.२ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तेथे सबंध पावसाळ्याच्या चार महिन्यांत जेवढा पाऊस सरासरीने पडतो, त्याच्या एक-तृतीयांशाहून हा अधिक होय. पाचशे चौरस मीटरांचे एखादे शाळेचे पटांगण धरले, तर त्यावर एका दिवसात चार लाख बहात्तर हजार लिटर पाणी पडले असते. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत मात्र केवळ ७३.४ मिलिमीटर पाऊस भरला! दोन्ही ठिकाणे एकाच शहरातली, मधले अंतर वीस-पंचवीस किलोमीटरांचे. एकाच्या पर्जन्यमापकात दुसऱ्याच्या बारा पटींहून अधिक पाणी. कुलाब्याचा आकडा पाहून "मुंबईत त्या दिवशी साधारण पाऊस होता" असे कोणी लिहिले, तर ते आकड्यास धरून असूनही सत्यास सोडून होईल. उलट ५ जुलै १९७४ च्या नोंदीत कुलाब्यालाच ५७५.६ मिलिमीटर पाऊस आढळतो. तेव्हा अमुक भागात नेहमी कमीच पडतो, असा नियमही बांधता येत नाही. पर्जन्यमापक आपल्या तोंडात जे पडले तेवढ्याचीच साक्ष देतो. यासाठी एका ठिकाणच्या आकड्यावर न थांबता आसपासच्या चार-पाच ठिकाणांच्या नोंदी एकत्र मांडाव्यात.

दुसरा प्रश्न काळाचा; पुष्कळ शोधक येथेच ठेचकाळतात. सकाळी साडेआठ वाजता मोजलेला पाऊस हा मागील चोवीस तासांचा असतो, आणि तो मोजण्याच्या दिवसाच्या तारखेस मांडला जातो. अर्थात २६ जुलैच्या दुपारी कोसळलेला तो पाऊस हवामानखात्याच्या दैनिक नोंदीत २७ जुलै या तारखेपुढे सापडतो. हा नियम ठाऊक नसलेला मनुष्य २६ तारखेची ओळ काढील, तेथे प्रलयाचा मागमूस न दिसल्यामुळे गोंधळेल, आणि कदाचित लोकांच्या आठवणीच खोट्या ठरवील. म्हणून ज्या दिवसाचा शोध घ्यावयाचा, त्याच्या मागचा व पुढचा असे तीन दिवस नेहमी पाहावेत.

शिवाय चोवीस तासांच्या बेरजेत पावसाचा जोर दिसत नाही. दिवसभर संथपणे पडलेले शंभर मिलिमीटर शेतात मुरतात; तेच एका तासात पडले तर ओढ्यास पूर येतो. हा जोर समजण्यास स्वयंलेखी पर्जन्यमापक लागतो. त्यात घड्याळाच्या यंत्राने फिरणाऱ्या नळकांड्यावर कागद गुंडाळलेला असतो आणि पाण्याबरोबर चढणारी लेखणी त्यावर रेघ काढते. भांडे भरले की पाणी आपोआप बाहेर पडते, लेखणी खाली येते व पुन्हा चढू लागते. रेघ जितकी उभी, तितका पाऊस जोराचा. सांताक्रूझला त्या दुपारी एका तासात १९० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला.

जुन्या काळच्या नोंदी पाहताना घड्याळाचेही भान ठेवावे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली, तरी मुंबई शहरात त्याहून ३९ मिनिटे मागे असलेली "मुंबई वेळ" १९५५ पर्यंत चालू होती. जुन्या वृत्तपत्रात वादळाची वेळ छापली असेल, तर ती कोणत्या घड्याळाची, हे पाहिले पाहिजे.

तिसरा प्रश्न मापाचा. दशमान पद्धती येण्यापूर्वी पाऊस इंच व सेंट यांत लिहीत. शंभर सेंट म्हणजे एक इंच, आणि एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. सांताक्रूझचा तो पाऊस जुन्या वहीत ३७ इंच १७ सेंट असा लिहिला गेला असता. तसेच शून्य आणि रिकामी जागा यांत महदंतर आहे. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही; रिकामी जागा म्हणजे मोजला गेला नाही. महापुराच्या दिवशी नोंद करणारा मनुष्य पर्जन्यमापकापर्यंत पोहोचू शकला नसेल, तर ती रिकामी जागाच मोठी साक्ष असते. तेथे शून्य घालून बेरीज करणे हा मोठाच प्रमाद होय.

आता या नोंदी मिळतात कोठे? मुंबई इलाख्यात पर्जन्यमापक बहुधा तालुक्याच्या मामलेदार कचेरीच्या आवारात असे व त्याची वही महसूल खात्याकडे असे. म्हणून आजच्या तहसील कचेरीत प्रथम चौकशी करावी. धरणांवर पाटबंधारे खाते स्वतंत्रपणे पाऊस मोजते. भारतीय हवामानखाते १८७५ साली स्थापन झाले, आणि १८९१ पासून देशातील दैनिक पावसाचे वार्षिक ग्रंथ निघू लागले; मोठ्या ग्रंथसंग्रहालयांत ते पाहावयास मिळतात. पुण्यास या खात्याचे राष्ट्रीय माहिती केंद्र असून जुन्या नोंदी तेथे जतन केल्या आहेत. १९०१ पासूनच्या पावसाचे, सुमारे पंचवीस किलोमीटर बाजूच्या चौकोनांत मांडलेले आकडे आता संगणकावरही मिळतात. मात्र ते आसपासच्या केंद्रांवरून काढलेले असल्याने एखाद्या गावावर कोसळलेल्या पावसाचे टोक त्यांत बोथट झालेले असते. आणि या सर्वांच्या जोडीस वृत्तपत्रांच्या जुन्या फायली आहेतच. १८४२ साली निघालेला 'ज्ञानोदय', १८८१ साली निघालेला 'केसरी' यांसारख्या पत्रांतून पुराची हकीकत व दिवस यांचा पत्ता लागतो. आकडा वहीत पाहावा, हकीकत पत्रात पाहावी, आणि दोहोंचा मेळ घालावा.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी पालक विचारतील. उत्तर त्या २६ जुलैनेच दिले आहे. मुंबईतील पावसाचे पाणी वाहून नेणारी जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटीच्या वेळी, एवढ्याच हिशेबाने बांधलेली होती. त्या दुपारी पाऊस त्याच्या सात पटींहून अधिक जोराचा, आणि समुद्रास भरती! शेकडो माणसे प्राणांस मुकली. पुढे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने या आकड्यांचा कसून विचार केला. गटारांचे प्रमाण ताशी ५० मिलिमीटरांपर्यंत वाढविण्याचा विचार पुढे आला. आणि दोन वेधशाळांवर विसंबून न राहता शहरात ठिकठिकाणी आपोआप नोंद करणारे पर्जन्यमापक बसविण्यात आले. पुलाची कमान किती उंच असावी, नदीकाठी घर कोठवर बांधावे, सांडव्यातून किती पाणी सुटावे, हे सारे शेवटी कोणीतरी भर पावसात जाऊन लिहिलेल्या ओळींवर ठरते. ज्या कारकुनाचे वा शिपायाचे नावही आपणांस ठाऊक नाही, त्याच्या एका सकाळच्या चोखपणावर पन्नास वर्षांनंतरच्या माणसांचा जीव अवलंबून असतो.

येत्या सुट्टीत विद्यार्थ्यांनी एवढे करावे. घरातील आजीआजोबांकडून एका मोठ्या पुराचे वर्ष, महिना, तिथी वा सण विचारून घ्यावा. जुन्या पंचांगावरून तारीख काढावी. पाणी कोठवर चढले होते ती खूण प्रत्यक्ष पाहून यावी. आणि मग वडिलांस बरोबर घेऊन तालुक्याच्या कचेरीत त्या तारखेची, तसेच आदल्या व दुसऱ्या दिवसाची नोंद पाहावी. ज्यांस हे साधणार नाही, त्यांनी सरळ बाजूंचे, सपाट तळाचे एक भांडे उघड्यावर ठेवून रोज साडेआठ वाजता पट्टीने पाण्याची खोली मोजावी. भांडे रुंद असो वा अरुंद, बाजू सरळ असल्या म्हणजे खोली तीच येते. वहीवर ठिकाण, तारीख, वेळ व माप स्पष्ट लिहावे, ज्या दिवशी मोजले नाही तेथे "मोजले नाही" असे प्रामाणिकपणे लिहावे, आणि ती वही शाळेच्या ग्रंथालयात आणून द्यावी.