विमा आहे, धाक नाही

सरावलीलगतच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत रिअ‍ॅक्टरपाशी उभा राहतो तो कामगार. त्या धोक्याची किंमत कोण मोजतो? बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४४ च्या अडारकर अहवालातून राज्य कामगार विमा योजनेची आखणी झाली. १९४८ साली कायदा झाला. १ जुलै २०१९ पासून मालक पगाराच्या ३.२५ टक्के व कामगार ०.७५ टक्के वर्गणी भरतो. पण रसायनाच्या आणि कापडाच्या कारखान्याला दर एकच. हात तुटला तरी मालकाचा हप्ता वाढत नाही! जर्मनीत १८८४ च्या कायद्याने अपघात-विम्याची वर्गणी केवळ मालकांवर, धोक्याच्या प्रमाणात बसवली. तिथले विमासंघ तपासणीही करतात. आपल्याकडे पैसा विमा महामंडळाकडे, तपासणी कारखाना-निरीक्षकाकडे. भरपाई हक्काची आहेच. पण माणूस मरूच नये म्हणून धोक्यानुसार वर्गणी ही आपल्या संघटनांची मागणी झाली पाहिजे.