झाडाची जखम आणि टर्पेंटाइन

पाइनच्या खोडाला जखम झाली की झाड तिच्यावर चिकट चीक सोडते. कीड आणि बुरशी आत शिरू नये म्हणून ही तजवीज. काही दिवसांत चीक घट्ट होतो, वाट बुजते. म्हणून चीक हवा असेल त्याने जखम पुन्हा पुन्हा ताजी करायची. चीक भट्टीत तापवला की उडते ते टर्पेंटाइन आणि तळाशी उरते ती राळ.

या धंद्याचे सर्वांत उधळे पर्व अमेरिकेच्या दक्षिणेत, लांब सुयांच्या पाइनच्या जंगलांत घडले. सुरुवातीला मागणी होती ती पाइनपासून निघणाऱ्या डांबराला. ब्रिटिश नौदलाला जहाजांच्या फटी बुजवायला आणि दोरखंड टिकवायला ते लागे. १७०५ मध्ये इंग्लंडने वसाहतींतून येणाऱ्या अशा मालावर इनाम जाहीर केले. नॉर्थ कॅरोलायनात १८३४ च्या सुमारास तांब्याच्या भट्ट्या आल्या आणि जंगलातच टर्पेंटाइन निघू लागले. अल्कोहोल मिसळलेले टर्पेंटाइन ‘कॅम्फीन’ नावाने घरोघरच्या दिव्यांत जळे. उजेड लख्ख, पण भडक्याची धास्ती कायमची. पुढे रॉकेलने ते मागे टाकले.

भट्टीवरचा कारागीर कानाने काम करी. नळीच्या तोंडाशी कान नेऊन आतली खदखद ऐकायची आणि पाणी केव्हा, किती सोडायचे ते ठरवायचे. पाणी कमी पडले तर राळ करपे. वाफ थंड होऊन पाणी आणि टर्पेंटाइन एकत्र बाहेर येत; हलके टर्पेंटाइन वर तरंगे. उरलेली तापलेली राळ गाळून पिंपांत भरत. जितकी फिकट, तितका भाव जास्त.

चीक जमवण्याची रीत मात्र अघोरी होती. हिवाळ्यात कुऱ्हाडीने बुंध्यातच खोल खोबण कोरत. तिला ‘बॉक्स’ म्हणत. तिच्यात लिटरभर चीक मावे. मग उन्हाळाभर तिच्या वरची साल आठवड्याला तासायची. हे काम यादवी युद्धापर्यंत गुलामांकडून करून घेतले गेले. नंतर कर्जात अडकवलेल्या कृष्णवर्णीय मजुरांकडून आणि भाड्याने घेतलेल्या कैद्यांकडून. मुक्ती बरीचशी कागदावरच राहिली. झाडाचीही तीच गत: बुंधा पोखरलेला, वर चिकाने माखलेला. वादळात मोडायचे, वणव्यात पेटायचे. काही हंगामांत जंगल संपले की भट्टी पुढे सरके. नॉर्थ कॅरोलायनातून साउथ कॅरोलायना, जॉर्जिया, मग फ्लोरिडा. जॉर्जियातले सव्हाना बंदर इतके मोठे झाले की टर्पेंटाइनचा जागतिक भाव तिथे ठरू लागला.

उपाय साधा होता आणि फ्रान्समधल्या लांद भागात तो एकोणिसाव्या शतकातच रुळला होता: झाड पोखरायचे नाही, त्याला भांडे टांगायचे. जॉर्जियाचे रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स हर्टी यांनी १९०१ पासून प्रयोग करून तो अमेरिकेत आणला. पत्र्याच्या दोन पन्हळी आणि खाली खिळ्याला टांगलेला, कुंडीसारखा मातीचा कप. १९०३ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. चीक स्वच्छ मिळू लागला आणि झाड पुढे लाकडासाठीही उरू लागले. एवढेसे मडके अमेरिकेत आधीच आले असते तर कॅरोलायनाची काही जंगले कदाचित वाचली असती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कागदाच्या गिरण्यांतून लगद्याबरोबर टर्पेंटाइन जोडउत्पादन म्हणून मिळू लागले आणि मजुरीचा हिशेब बसेना. जॉर्जियातले शेवटचे कप २००१ मध्ये उतरले. भारतात उत्तराखंड आणि हिमाचलच्या चिडाच्या जंगलांत चीक काढण्याचे काम अजून चालते; कुमाऊँत त्या चिकाला लीसा म्हणतात.