घरच्या मोरीत फिल्म धुताना

कॉटन ग्रीनच्या गोदामांत कापसाच्या गाठी उचलणाऱ्या माथाडी कामगारांत माझे अर्धे आयुष्य गेले. अशा माणसाने वसंत व्याख्यानमालेत फोटोग्राफीवर बोलावे, याचे काही मंडळींना नवल वाटले. एका स्नेह्याने तर, "मागण्या संपल्या काय?" असे विचारून घेतले. पण ही विद्या मला कामगारांकडूनच मिळाली. 1990 नंतरच्या काही वर्षांत एका छापखान्यातील कामगारांचे प्रश्न मी पाहत असे. तेथे प्रोसेस कॅमेऱ्याच्या खात्यात तांबड्या दिव्याखाली मोठ्या फिल्म ट्रेमध्ये धूत असत. कोऱ्या दिसणाऱ्या फिल्मवर हळूहळू अक्षरे उमटताना मी प्रथम पाहिली आणि ज्या वाटाघाटीसाठी गेलो होतो ती विसरून उभा राहिलो. पुढे लालबागेतला एक स्टुडिओ बंद पडला, तेव्हा तेथला एक जुना कॅमेरा मी घेतला. शाळा सातवीत सुटलेली. बाकीचे पुस्तकांवरून आणि नासधूस करून शिकलो.

या कॅमेऱ्याला फिल्मची गुंडाळी लागत नाही. पोस्टकार्डाएवढी, 4 इंच रुंद व 5 इंच लांब अशी सुटी फिल्म होल्डरमध्ये बसवायची. एका होल्डरला दोन बाजू, म्हणून फोटो दोनच. मोबाइलने क्षणात शंभर निघतात, मग हा उपद्व्याप कशाला? एका टोळीचा, म्हणजे वीस-पंचवीस माणसांचा, फोटो एवढ्या मोठ्या निगेटिव्हवर घेतला की मागच्या रांगेत टोकाला उभा असलेल्या माणसाचाही चेहरा ओळखू येतो. गिरण्या गेल्या तेव्हा आपण कामावर होतो हे सिद्ध करण्यासाठी माणसांना काय काय कागद शोधावे लागले, ते आपल्यापैकी कित्येकांनी पाहिले आहे.

घरी फिल्म धुणे ही मुंबईला नवी गोष्ट नाही. दादासाहेब फाळके 1912 साली विलायतेहून यंत्रसामग्री घेऊन परतले, तेव्हा त्यांचा कारखाना म्हणजे दादरचे राहते घर. सरस्वतीबाई दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत आणि रात्री अंधारात कच्च्या फिल्मला छिद्रे पाडीत, रसायने मिसळीत, फिल्म धुवीत. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. सरस्वतीबाईंची ती रात्रपाळी कोणत्याही हजेरीपटावर नाही.

आता प्रत्यक्ष कृती. पहिली गरज अंधाराची. छापखान्यातील फिल्मला तांबडा रंग दिसत नसे, म्हणून तेथे तांबडा दिवा चाले. आपली नेहमीची फिल्म सर्व रंग पाहते. तिला कोणताच दिवा चालत नाही. चाळीतल्या खोलीत मोरी हीच डार्करूम. रात्री बारानंतर दाराला गोधडी लावावी, फटीत कापड कोंबावे आणि पाच मिनिटे आत नुसते बसावे. डोळे सरावले की कोठून उजेड येतो ते आपोआप कळते. मोबाइल बाहेर ठेवावा, हातातले घड्याळही. फिल्मची रसायन लावलेली बाजू ओळखण्यासाठी तिच्या कडेला खाचा असतात. फिल्म उभी धरून खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात बोटाला लागल्या, तर ती बाजू आपल्याकडे आहे असे समजावे.

डेव्हलपर घरी करता येतो. डी-76 नावाचा जुना नुस्खा असा: 1 लिटर द्रावणात मेटॉल 2 ग्रॅम, सोडियम सल्फाइट 100 ग्रॅम, हायड्रोक्विनोन 5 ग्रॅम आणि टाकणखार 2 ग्रॅम. प्रथम कोमट पाण्यात मेटॉल विरघळवावे. सल्फाइट आधी टाकले तर मेटॉल विरघळायला कुरकुर करते. या मेटॉलविषयी एक सांगितलेच पाहिजे. त्याने पुष्कळांच्या कातडीला खाज सुटते, चट्टे उठतात, आणि एकदा ते सुरू झाले की पुढे थोडेसे लागले तरी पुन्हा उठतात. म्हणून हातमोजे घालावेत, आणि स्वयंपाकाची भांडी या कामाला कधीही वापरू नयेत.

खरी अडचण मुंबईच्या उकाड्याची. पुस्तकांतील सारे तक्ते 20 अंशांचे, आणि मे महिन्यात आपल्या नळाला 30 अंशांचे पाणी. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो. गरम पाण्यात तो फुगतो, मऊ पडतो. गरमातून एकदम गारात गेला तर त्याला सुरकुत्या पडतात. मी 20 अंशांचा हट्ट सोडला आहे. मोठ्या ट्रेमध्ये बर्फ घालून त्यात लहान ट्रे ठेवतो आणि 24 अंशांवर काम करतो. डेव्हलपरपासून शेवटच्या पाण्यापर्यंत सगळी द्रावणे त्याच्या जवळपास ठेवतो. तापमान वाढले की वेळ कमी. इलफर्डच्या एफपी-4 फिल्मला निम्मे पाणी घातलेल्या डी-76 मध्ये 20 अंशांना 11 मिनिटे लागतात, ती 24 अंशांना 8 च्या आसपास येतात. 5 मिनिटांच्या खाली मात्र जाऊ नये. फिल्म एकसारखी धुतली जात नाही.

फिल्म आधी साध्या पाण्यात एकेक करून भिजवायच्या. कोरड्या एकदम टाकल्या तर एकमेकींना चिकटतात. मग डेव्हलपरमध्ये तळची फिल्म अलगद काढून वर ठेवायची, पुन्हा तळची काढायची, असे पत्ते पिसल्यासारखे चालू ठेवायचे. येथेच माझ्या हातून चूक झाली. एका टोळीचा मुकादम निवृत्त व्हायचा होता, म्हणून सर्वांचा फोटो घेतला. दोन फिल्म. पहिली होल्डरमध्ये भरतानाच माझ्या धांदलीने उजेड लागून गेली होती. दुसरी इतर कामाच्या चार फिल्मबरोबर पिसत असताना अंगठ्याचे नख मऊ थरात रुतले. दिवा लावला तेव्हा ओरखडा नेमका मुकादमाच्या खांद्यावरून कानापर्यंत गेलेला. मी तो फोटो कोणालाच दाखवला नाही. पुन्हा काढू म्हणत राहिलो, आणि तीन महिन्यांत मुकादम वारला.

डेव्हलपरनंतर अर्धा मिनिट पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये, मग हायपोमध्ये. हायपो म्हणजे मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात मिळणारेच खडे. लिटरला पाव किलो. फिल्मचा दुधी रंग जायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ ठेवावे. वापरलेला हायपो मोरीत ओतू नये, त्यात फिल्मची चांदी उतरलेली असते. बाटलीत साठवून चांदी काढणाऱ्याला द्यावा. धुण्यासाठी नळ सोडून ठेवण्याची गरज नाही, आणि ज्यांचे पाणी पहाटे दोन तास येते त्यांना ते परवडणारही नाही. ट्रे भरायचा, दोन-तीन मिनिटे हलवायचा, ओतून द्यायचा, असे दहा वेळा केले की पुरे. सुकल्यावर कागदी पाकिटात घालून हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवावी. आपल्या पावसाळ्यात बुरशी जिलेटिन आवडीने खाते.

एवढ्या मोठ्या निगेटिव्हला एन्लार्जर लागत नाही. फोटोच्या कागदावर निगेटिव्ह, वर काच, आणि क्षणभर दिवा. मुकादमाच्या बायकोने फोटो मागितला तेव्हा तसाच एक काढून नेला. तिने तो उजेडाकडे धरला, सगळी माणसे एकेक करून नावानिशी ओळखली, आणि शेवटी ओरखड्यावर बोट ठेवून विचारले, "हे आकड्याचं लागलेलं का हो?" गाठी ओढायच्या लोखंडी आकड्याने टोळीतल्या बहुतेकांच्या अंगावर खुणा असतात. नाही म्हटले, माझ्या नखाचे आहे.

आता टोळीचा फोटो असला की ट्रेमध्ये एका वेळी एकच फिल्म घालतो. रात्र जास्त जाते.