कुतूहल : नाकाला फिलर, श्वासाला काय?

नाक चोंदलं असताना गालाची त्वचा बोटांनी कानाच्या दिशेने ओढून पाहा. बहुतेकदा त्या बाजूचा श्वास लगेच मोकळा होतो. नाकपुडीच्या थोडं वर, मधला पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्यामध्ये एक चिंचोळी फट असते. अनेकांत तिचा कोन जेमतेम १० ते १५ अंशांचा असतो. नाकातली हीच सर्वांत अरुंद जागा. जोरात श्वास घेतला की आतला दाब घटतो आणि बाजूची भिंत आत ओढली जाते. शहाळ्यातली भिजलेली कागदी नळी चपटी होते तशी.

शस्त्रक्रियेशिवाय नाक सरळ करताना बहुधा हायलुरोनिक अॅसिडचं जेल, म्हणजेच फिलर, टोचतात. ते त्वचेखाली, पण हाड-कूर्चेच्या वरच बसतं. नाकावरच्या उंचवट्याच्या वर-खाली भराव घातला की उंचवटा दिसेनासा होतो. आतली वाट मात्र होती तशीच राहते. पडदा वाकडा असेल, तर बाहेरून सरळ दिसणारं नाकही आतून चोंदलेलंच!

काही डॉक्टर त्या अरुंद फटीजवळच जेल भरून भिंतीला आधार देतात. त्याने श्वास सुधारू शकतो. जागा किंवा मात्रा चुकली, तर वाट आणखी आक्रसते. शिवाय काही महिन्यांत जेल विरघळतं.

खरा धोका रक्तवाहिन्यांचा. जेल धमनीत शिरलं तर त्वचा मरू शकते. नाकाच्या धमन्या डोळ्याच्या धमन्यांशी जोडलेल्या असल्याने क्वचित दृष्टीही जाते. म्हणून हे काम ब्यूटी पार्लरचं नव्हे, प्रशिक्षित डॉक्टरचंच.